पीएमपीची तयारी, पुण्यात नोकरी सांभाळून: अर्जापासून निकालापर्यंत

पहिल्या वेळी मी पीएमपीत, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल या प्रमाणपत्राच्या परीक्षेत, नापास झाले. चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी नऊ वर्षं नवीन डाय (पार्ट घडवायचे साचे), नवीन लाइन, नव्या गाडीचे पार्ट उभे करण्याची कामं सांभाळली होती. त्यानंतर हिंजवडीत सॉफ्टवेअरच्या बाजूला आले. अनुभव भरपूर होता, पुस्तकं दोनदा वाचून झाली होती, सूत्रं पाठ होती. निकालात ‘प्रोसेस’ (कामाची पद्धत) विभाग अपेक्षेच्या वर आणि ‘पीपल’ (माणसं) विभाग अपेक्षेच्या खाली. गुणांचा आकडा कुठेच नसतो, प्रत्येक विभागापुढे फक्त चारपैकी एक पातळी लिहिलेली असते. तो कागद आठवडाभर पर्समध्ये होता, आणि मग एकदाचं लक्षात आलं की प्रत्येक प्रश्नाला मी कारखान्यात जे केलं असतं ते उत्तर दिलं होतं. पाच महिन्यांनी दुसऱ्यांदा बसले तेव्हा वाचन फारसं वाढलं नव्हतं, प्रश्न वाचायची पद्धत बदलली होती. म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा त्यालाच दिली आहे. पण आधी अर्ज, कारण बरेच जण तिथेच महिनोन्महिने अडकतात.

पात्रता आणि अर्ज

ही परीक्षा पीएमआय म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट घेते. संस्था १९६९ची, अमेरिकेतली. पीएमपी हे प्रमाणपत्र १९८४ पासून दिलं जातं. पदवीधरांना गेल्या आठ वर्षांतला किमान ३६ महिन्यांचा प्रकल्प चालवण्याचा अनुभव लागतो, बारावी किंवा डिप्लोमावाल्यांना ६० महिन्यांचा. शिवाय प्रकल्प व्यवस्थापनाचं ३५ तासांचं औपचारिक शिक्षण. अनुभव कमी असेल तर आत्ता ओढूनताणून अर्ज करू नका. त्याच संस्थेची सीएपीएम ही सुरुवातीच्या पातळीची परीक्षा अनुभवाशिवाय देता येते, आणि ती झाली की पुढे पीएमपीसाठीची ३५ तासांची अटही पूर्ण झाली असं धरतात.

महिने मोजताना दोन चुका हमखास होतात. एकाच काळात दोन प्रकल्प चालू असतील तर ते महिने एकदाच मोजायचे. आणि रोजचं उत्पादन सांभाळणं हा प्रकल्प नव्हे. लाइनवर तीन पाळ्यांत पार्ट काढणं हे नेहमीचं काम, ती लाइन नव्याने उभी करणं हा प्रकल्प. सपोर्टची तिकिटं सोडवणं हे नेहमीचं काम, जुनी प्रणाली बंद करून नवी चालू करणं हा प्रकल्प. सुरुवात आहे, शेवट आहे, हाती काहीतरी नवं पडलं आहे, असं असेल तरच लिहा.

‘प्रोजेक्ट मॅनेजर’ हा हुद्दा असायलाच हवा असं नाही. डेव्हलपमेंट इंजिनिअर, टीम लीड, साइट इंजिनिअर, काहीही चालतं. पण वर्णनात तुम्ही स्वतः काय चालवलंत ते दिसलं पाहिजे. प्रत्येक प्रकल्पाचा उद्देश, तुमची भूमिका, तुमच्या जबाबदाऱ्या आणि शेवटी काय साध्य झालं, या क्रमाने लिहा. ‘आम्ही मशीन बसवलं’ या वाक्यात तुम्ही कुठेच नाही. ‘ग्राहकाच्या गरजा समजून कामाची व्याप्ती ठरवली, तीन पुरवठादारांचं वेळापत्रक जुळवलं, ट्रायलमधल्या जोखमी नोंदवून त्यांवर उपाय आखले, ठरलेल्या खर्चात काम ग्राहकाच्या हवाली केलं’ या वाक्यात आहात. अर्ज इंग्रजीत भरायचा असतो, तरी कच्चा मजकूर आधी मराठीत लिहून काढा. आपण नेमकं काय केलं ते आपल्या भाषेत स्वच्छ आठवतं.

नावाकडे लक्ष द्या, हे कळकळीने सांगते. अर्जातलं नाव आणि परीक्षेला दाखवायच्या ओळखपत्रावरचं नाव तंतोतंत जुळलं पाहिजे. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचं नाव मधे असतं, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, तिसऱ्यावर आडनावच आधी. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचा घोळ आणखी मोठा. माझ्या पासपोर्टवर माहेरचं नाव होतं आणि खातं उघडताना मी सासरचं टाकलं होतं; ते दुरुस्त होईपर्यंत तारीख घेता आली नाही. आधार कार्डावर सही नसते, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका. पासपोर्ट समोर ठेवूनच खातं उघडा.

काही अर्ज तपासणीसाठी निवडले जातात, त्याला ऑडिट म्हणतात. निवड सरसकट अर्जांमधून होते, तुमच्यावर संशय आहे असा त्याचा अर्थ नाही. पदवीची प्रत, ३५ तासांचं प्रमाणपत्र आणि प्रत्येक प्रकल्पासाठी तो माहीत असलेल्या व्यक्तीची पुष्टी द्यावी लागते, त्यासाठी ९० दिवस मिळतात. जुने साहेब नोकरी बदलून बंगळुरूला गेलेले असतात, कुणी निवृत्त होऊन गावी असतं. म्हणून अर्ज पाठवण्याआधीच प्रत्येकाला फोन करा: ‘सर, तुमचं नाव देतेय, विचारणा आली तर त्या प्रकल्पाबद्दल सांगाल ना?’ आणि तुम्ही लिहिलेलं वर्णन त्यांना पाठवून ठेवा.

अर्ज मंजूर झाला की वर्षभराची मुदत सुरू होते आणि त्यात तीन वेळा परीक्षा देता येते. फी भरण्याआधी संस्थेचं सभासदत्व घेऊन किती पडते आणि न घेता किती पडते याचा हिशेब मांडा. सभासदांना फी कमी असते आणि संस्थेच्या पिमबॉक या मुख्य मार्गदर्शिकेची प्रत डाउनलोड करायला मिळते.

३५ तास आणि क्लासचा प्रश्न

नुसतं घरी वाचलेलं यात धरत नाहीत. शनिवार-रविवारचा क्लास चालतो, आणि शेवटी चाचणी असलेला ऑनलाइन कोर्सही चालतो. पुण्यात क्लास ढिगाने आहेत. ‘पास होण्याची हमी’ असं कुणी म्हणालं तर त्यांना इतकंच विचारा, की चुकलेल्या सराव प्रश्नांवर तुम्ही वर्गात किती वेळ चर्चा घेता? जिथे प्रश्नांवर वाद घालायला मिळतो तो क्लास पैसे देण्यासारखा, जिथे नुसत्या स्लाइड वाचून दाखवतात तिथे ऑनलाइन कोर्स परवडला. पीएमआयचा पुणे-डेक्कन चॅप्टर म्हणजे स्थानिक शाखा आहे, त्याच्या कार्यक्रमांना जाऊन दोन-चार पास झालेल्यांशी बोला. तुमच्याच क्षेत्रातला माणूस भेटला तर अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

काय वाचायचं, कधी वाचायचं

पहिला कागद म्हणजे परीक्षेची रूपरेषा. ती संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळते, आणि आश्चर्य म्हणजे बरेच जण ती उघडतच नाहीत. जानेवारी २०२१ पासूनच्या रूपरेषेत पीपल ४२ टक्के, प्रोसेस ५० टक्के आणि बिझनेस एन्व्हायर्नमेंट ८ टक्के अशी विभागणी होती. साधारण निम्मे प्रश्न पारंपरिक म्हणजे प्रेडिक्टिव्ह पद्धतीचे (सगळं आधी आखून करायचं), निम्मे अजाइल (थोडं करून, दाखवून, बदलत जायचं) किंवा दोन्हींच्या मिश्रणाचे, म्हणजे हायब्रिडचे. जुलै २०२६ पासूनच्या रूपरेषेत हेच आकडे ३३, ४१ आणि २६ होतात. म्हणजे फायदा, नियमपालन, कंपनीत होणारा बदल या तिसऱ्या विभागाचं वजन तिपटीहून जास्त वाढतं. तुमच्या तारखेला कोणती रूपरेषा लागू आहे ते आधी बघा आणि सराव साहित्य त्याच रूपरेषेचं घ्या. मित्राने दिलेली जुनी प्रश्नपेढी इथे नुकसान करते.

पिमबॉकची २०१७ सालची सहावी आवृत्ती ४९ प्रक्रियांची होती. २०२१ची सातवी १२ तत्त्वं आणि आठ कार्यक्षेत्रांवर उभी आहे. ४९ प्रक्रिया पाठ करत बसू नका. पण चार्टर (प्रकल्पाला मंजुरी देणारा पहिला कागद) कुठून येतो, योजना कशी पक्की होते, बदल कुठल्या वाटेने मंजूर होतो आणि प्रकल्प कसा बंद करतात, हा ओघ कागदावर न बघता काढता आला पाहिजे. अजाइलमध्ये भूमिका, बैठका आणि बॅकलॉग (करायच्या कामांची क्रमवार यादी) यांवर पकड हवी. कारखान्यातून येणाऱ्यांना ही बाजू परकी वाटते आणि सॉफ्टवेअरवाल्यांना खरेदी व करारांची बाजू. आपल्याला जी परकी तिला दुप्पट वेळ द्या.

हायब्रिड म्हणजे काय हे मला आमच्या पेठेतल्या गणेश मंडळावरून नीट कळलं. चतुर्थीची तारीख कुणी हलवू शकत नाही. महापालिकेची आणि पोलिसांची परवानगी, मांडव, वीजजोडणी ही कामं ठरल्या क्रमाने, आधी आखून, कागदावर पक्की करूनच करावी लागतात. हा प्रेडिक्टिव्ह भाग. देखावा मात्र तसा होत नाही. कार्यकर्ते एक प्रसंग उभा करतात, ज्येष्ठ मंडळी रात्री येऊन बघतात, प्रकाश बदलतो, संवाद बदलतो, पुन्हा बघतात. वेळ आणि वर्गणी ठरलेली, त्यात बसेल तेवढा देखावा. हा अजाइल भाग. प्रश्नात ‘हायब्रिड’ शब्द आला की मी मांडव आणि देखावा वेगळे करून बघायचे.

दहा ते बारा आठवडे पुरतात. पहिले सहा वाचन आणि छोटे सराव, उरलेले बहुतेक प्रश्नांचेच. मी पहाटे साडेपाच ते सात बसायचे. संध्याकाळी हिंजवडीहून कोथरूडला घरी पोचेपर्यंत डोक्यात काही शिरायच्या लायकीचं उरत नाही, तेव्हा संध्याकाळचा अभ्यास वेळापत्रकात धरूच नका. कंपनीच्या बसमध्ये फक्त आदल्या दिवशीचे चुकलेले प्रश्न वाचा. भोसरी-चाकण पट्ट्यात गुरुवारची सुट्टी असणाऱ्यांना एक मोठा फायदा आहे, घर रिकामं असतं; सलग चार तासांची सराव परीक्षा त्या दिवशी लावा. घरात शांतता नसेल तर सदाशिव पेठेत, नवी पेठेत स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका आहेत, तिथे महिन्याची जागा घ्या. पंचविशीतल्या मुलांमध्ये बसायला पहिल्या दिवशी मला अवघड वाटलं, दुसऱ्या दिवशी वाटलं नाही.

प्रश्न कसा वाचायचा

बहुतेक प्रश्न प्रसंग सांगून ‘तुम्ही आधी काय कराल’ किंवा ‘आता पुढे काय कराल’ असं विचारतात. चारपैकी दोन पर्याय सरळ बाद होतात. उरलेले दोन्ही बरोबर वाटतात, आणि खरी परीक्षा तिथे असते.

हा प्रसंग बघा. टीममधली एक व्यक्ती दोन वेळा काम उशिरा देते, बाकीचे कुरकुरू लागतात. पर्याय: तिच्या विभागप्रमुखाला कळवणं, काम दुसऱ्याला देणं, तिच्याशी एकांतात बोलून कारण समजून घेणं, टीमच्या बैठकीत विषय काढणं. मी पहिल्या वेळी अशा प्रश्नाला बेधडक विभागप्रमुख निवडला असता, कारण आमच्याकडे माणूस त्याच्या साहेबाचा असतो. परीक्षेचं उत्तर तिसरं. प्रश्न स्वतःच्या अधिकारात सुटतो का हे बघितल्याशिवाय वर जायचं नाही, आणि माणसाशी बोलल्याशिवाय त्याच्याबद्दल निर्णय घ्यायचा नाही.

मग असं वाटतं की साहेबाकडे जाणं नेहमीच चूक. तसंही नाही. स्पॉन्सरने, म्हणजे प्रकल्पाला पैसा देणाऱ्याने, मंजूर केलेल्या रकमेच्या बाहेर खर्च जाणार असेल, किंवा कायद्याचं उल्लंघन दिसत असेल, तर वर जाणंच बरोबर. अधिकाराची रेषा कुठे आहे ते प्रश्नात शोधा.

दुसरा प्रसंग. नव्या लाइनचं आरेखन मंजूर झालं आहे, काम निम्मं झालं आहे, आणि ग्राहकाचा माणूस भेटीत म्हणतो, ‘इथे एक कॅमेरा तपासणीही टाका.’ आपल्याकडचा चांगला माणूस लगेच ‘हो, करून देतो’ म्हणतो. नातं जपायचं असतं. पण परीक्षेत आधी या बदलाचा वेळेवर, खर्चावर, दर्जावर काय परिणाम होईल ते तपासायचं, मग चेंज रिक्वेस्ट, म्हणजे बदलाची लेखी मागणी, मंजुरीला न्यायची. तडकाफडकी ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही. हीच मागणी अजाइल प्रकल्पात आली तर वाट वेगळी: मागणी प्रॉडक्ट ओनरकडे जाते, बॅकलॉगमध्ये बसते, तिचा क्रम तोच ठरवतो, आणि चालू स्प्रिंटमध्ये (कामाच्या ठरावीक छोट्या टप्प्यात) ती कुणी परस्पर घुसवत नाही. म्हणून प्रसंग वाचताना पहिलं काम हे, की प्रकल्प कुठल्या पद्धतीचा आहे त्याची खूण शोधा. ‘स्प्रिंट’, ‘इटरेशन’, ‘बॅकलॉग’ दिसलं तर एक वाट. ‘बेसलाइन’, ‘मंजूर आराखडा’ दिसलं तर दुसरी.

तिसरा प्रसंग जोखमीचा. पुरवठादाराकडून डाय वेळेत येणार नाही ही शक्यता सुरुवातीलाच रिस्क रजिस्टरमध्ये, म्हणजे जोखमींच्या नोंदवहीत, लिहिली होती, आणि आता त्याचा फोन आला की तीन आठवडे उशीर होणार. बरेच जण ‘टीमची बैठक घेऊन उपाय शोधा’ निवडतात. उपाय आधीच आखलेला आहे, तो अमलात आणा. शक्यता आता खरी झाली म्हणून इश्यू लॉगमध्ये (प्रत्यक्ष आलेल्या अडचणींच्या यादीत) नोंद करा. हीच अडचण अनपेक्षित असती, रजिस्टरमध्ये नसती, तर आधी नोंद आणि परिणामाचा अभ्यास. एका शब्दाने उत्तर फिरतं, म्हणून शेवटची ओळ आधी वाचा, मग वरचा प्रसंग.

या सगळ्यामागे परीक्षेच्या मनातला एक व्यवस्थापक आहे. तो आधी समजून घेतो, मग करतो. तो टीमला निर्णय सांगत नाही, टीमचे अडथळे दूर करतो. वाईट बातमी दडवत नाही. काम संपल्यावर शिकलेलं लिहून ठेवतो. मला हा माणूस सुरुवातीला पुस्तकी वाटला होता. आता मी त्याच्यासारखं वागायचा प्रयत्न करते, आणि हिंजवडीतल्या माझ्या टीममध्ये त्याचा उपयोग झाला आहे.

थोडं गणित

गणिताचे प्रश्न मोजके येतात, पण ते हुकवू नयेत. समजा, प्रकल्पाचं एकूण अंदाजपत्रक ४० लाख, मुदत दहा महिने. चार महिने झाले, ठरल्याप्रमाणे १६ लाखांचं काम व्हायला हवं होतं, ही पीव्ही. प्रत्यक्षात १२ लाखांचं काम झालं, ही ईव्ही. खर्च मात्र १५ लाख झाला, ही एसी. खर्चाचा निर्देशांक सीपीआय म्हणजे ईव्ही भागिले एसी, १२/१५ = ०.८; वेळापत्रकाचा निर्देशांक एसपीआय म्हणजे ईव्ही भागिले पीव्ही, १२/१६ = ०.७५. दोन्ही एकच्या खाली, म्हणजे खर्च जास्त आणि काम मागे. असंच चालू राहिलं तर पूर्ण प्रकल्प ४०/०.८ = ५० लाखांना पडेल. तीन बिंदूंचा अंदाज: कमीत कमी ४ दिवस, बहुधा ६, जास्तीत जास्त १४, तर (४ + ४×६ + १४)/६ = ७ दिवस. संवादाच्या वाटा, म्हणजे दोघा-दोघांच्या जोड्या: सहा माणसांत ६×५/२ = १५, नऊ झाले की ३६. एवढं हाताने दहा वेळा करा.

चुकांची वही

सराव परीक्षेत किती टक्के पडले यावर लोक अडकतात. मी एक दोनशे पानी वही केली होती. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नासाठी तीन ओळी: मी काय निवडलं, का निवडलं, आणि बरोबर उत्तरामागचा विचार काय. मधली ओळ सर्वांत महत्त्वाची. पन्नास प्रश्नांनंतर माझ्या वहीत ‘वेळ वाचेल म्हणून’ आणि ‘साहेबांना आधी सांगितलेलं बरं’ ही दोनच कारणं पुन्हा पुन्हा दिसू लागली. तुमची कारणं वेगळी असतील. अंदाजाने बरोबर आलेले प्रश्नही वहीत घ्या. आणि पूर्ण लांबीच्या किमान तीन सराव परीक्षा एका बैठकीत द्या. साठाव्या प्रश्नाला असलेलं लक्ष दीडशेव्याला राहत नाही, ते घरीच कळलेलं बरं.

परीक्षेचा दिवस

२०२१च्या रूपरेषेनुसार १८० प्रश्न आणि २३० मिनिटं. त्यातले पाच प्रश्न फक्त चाचपणीसाठी असतात, पण ते कोणते हे कळत नाही. नव्या रूपरेषेने बसणार असाल तर वेळ तिथूनच बघा. साठ-साठ प्रश्नांनंतर दहा मिनिटांची विश्रांती मिळते. विश्रांती घेतली की मागच्या प्रश्नांकडे परत जाता येत नाही. म्हणून दर साठ प्रश्नांना साधारण ७६ मिनिटं धरा आणि घड्याळ तेवढ्या टप्प्यांवरच बघा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका.

परीक्षा पिअर्सन व्ह्यू या कंपनीच्या परीक्षा केंद्रावर देता येते किंवा घरून कॅमेऱ्यासमोर. माझं मत स्पष्ट आहे: शक्य असेल तर केंद्र. घरून देताना खोलीत कुणी आलं, तुम्ही कॅमेऱ्याबाहेर गेलात किंवा मोठ्याने प्रश्न वाचलात तर परीक्षा थांबू शकते, आणि आपल्याकडे दाराची बेल केव्हाही वाजते. घरूनच द्यायची असेल तर गुरुवार टाळा, देखभालीसाठी वीज जाण्याचा तो वार. इन्व्हर्टरवर राउटरही जोडलेला आहे का ते आदल्या दिवशी मेन स्विच बंद करून तपासा. गणपतीच्या दहा दिवसांत तर तारीख घेऊच नका, ना घरची ना केंद्राची. ढोल-ताशा आणि बंद रस्ते दोन्ही आड येतात. केंद्राचा रस्ता एकदा त्याच वेळेला जाऊन बघून या, आणि शक्य असेल तिथे मेट्रोने जा.

आदल्या रात्री नवीन काही वाचू नका, वही चाळा आणि झोपा. विश्रांतीत उठा, पाणी प्या, काहीतरी खा. मी गुळपोळीचे तुकडे नेले होते.

पास झाल्यावर

प्रमाणपत्र तीन वर्षं टिकतं. पुढे चालू ठेवायला तीन वर्षांत ६० पीडीयू (व्यावसायिक विकासाची एककं) जमवावे लागतात, त्यातले किमान ३५ शिकण्याचे. चॅप्टरची व्याख्यानं, वेबिनार, दुसऱ्यांना शिकवणं, सगळं धरतात, पण ज्या आठवड्यात केलं त्याच आठवड्यात नोंद करा, तिसऱ्या वर्षी काही आठवत नाही. आणि ज्या साहेबांनी तुमच्या अनुभवाची पुष्टी केली त्यांना निकाल फोन करून सांगा. मी चाकणच्या माझ्या जुन्या साहेबांना केला तेव्हा ते म्हणाले, ‘ती वही टाकून देऊ नकोस, आमच्या पोरांना लागेल.’ ती आता तिथल्या तिसऱ्या मुलाकडे आहे.